नायिका मोठी करायची तर तिचा नवरा मारू नकोस

ताई म्हणून लिहिलंस म्हणून मीपण तुला अगं-तुगंच करते. आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारखंच काही लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणालाही हे उत्तर वाचता येईल.

तू निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार घरावर कादंबरी लिहिते आहेस, काळ साधारण 1998 ते 2012. नायिका सुनंदा. पहिली आठ प्रकरणं ती घाबरट, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, कुणी ओरडलं की चुलीपाशी जाऊन रडणारी. नवव्यात नवरा आग्रा रोडवर मोटरसायकलच्या अपघातात जातो. दहाव्यात ती पदर खोचून उभी राहते, ग्रामसभेत बोलते, स्कूटी शिकते, आणि शेवटी तिच्या बागेचा माल युरोपला जातो. ज्यांनी ज्यांनी ड्राफ्ट वाचला त्यांनी एकच सांगितलं, छान आहे पण सुनंदा पटत नाही, एकदम कशी काय बदलली? आणि तू मला विचारते आहेस की स्त्री पात्राची वाढ दाखवायची कशी, तिला 'स्ट्राँग' करायचं कसं.

मी बरीच वर्षं कथा आणि एकांकिका लिहिते, लोकांची हस्तलिखितं वाचून देते, नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत लेखनाच्या कार्यशाळा घेते. त्यात तुझ्यासारखी सुनंदा मला दर सिझनला भेटते. म्हणून सरळ सांगते, नवऱ्याला जिवंत ठेव. म्हणजे त्या माणसावर दया कर असं नाही म्हणत मी, पण तो मेला की तुझं काम फुकटात होतं, आणि फुकटात झालेलं वाचकाला बरोबर कळतं. घरातली एक खुर्ची रिकामी झाली आणि सुनंदा तिच्यावर बसली, एवढंच घडलंय तुझ्या दहाव्या प्रकरणात. ती बदलली कुठे? तिला कुणाशी भांडावं लागलं नाही, काही सोडावं लागलं नाही, अडवणारा माणूसच गेला. तोच नवरा समोर बसलेला असताना, तो बरा माणूस असताना, तिचं त्याच्यावर प्रेमही असताना ती बदलली असती तर मग खरी मजा होती.

आता हे आपल्याकडे इतकं का होतं तेही बघ. आपल्या डोक्यात एक साचा पक्का बसलाय, बाईवर संकट आलं की ती दुर्गा होते. मार खाल्ला, नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, की पुढच्या एपिसोडला केस मोकळे, कपाळावर मोठं कुंकू, मागे ढोल. टीव्हीवर चालतं ते, रोज अर्धा तास भरायचा असतो बिचाऱ्यांना. पण कादंबरीत हे केलं की त्याचा अर्थ असा निघतो की बाईला स्वतःचं असं काही नव्हतंच, ती रिकामी होती, संकटाने तिच्यात काहीतरी भरलं. आणि पुरुष पात्राच्या बाबतीत बघ आपण असं करत नाही. त्याला पहिल्या पानापासून काहीतरी पाहिजे असतं, जमीन पाहिजे, बढती पाहिजे, बापाला दाखवून द्यायचं असतं. त्याच्या 'पाहिजे'तून गोष्ट चालते. बाईची गोष्ट मात्र तिच्यावर काय कोसळलं त्यातून चालते.

म्हणून तुझा ड्राफ्ट घे आणि पहिल्या पानावर शोध, सुनंदाला काय पाहिजे? मी शोधलं. नाही सापडलं. तिला कशाकशाची भीती वाटते ते भरपूर आहे, सासऱ्यांची वाटते, नवऱ्याच्या दारूची वाटते, पावसाची वाटते. भीतीवर आठ प्रकरणं चालत नाहीत गं. आणि 'पाहिजे' मोठं असायची काही गरज नाही, उलट छोटं असलं तर बरं. तिला बागेच्या हिशोबाची वही स्वतःच्या हातात पाहिजे. किंवा माहेरी गेल्यावर चार दिवसांऐवजी आठ दिवस राहायचंय. किंवा नवऱ्याने चारचौघांत एकदा तरी म्हणावं की हे मला सुनंदाने सांगितलं. एवढं एक असलं की ती पहिल्या पानापासून चालायला लागेल, मग तू पुढे काहीही घाल.

सांगून कळत नाही म्हणून तुझ्याच कादंबरीतला एक सीन घेते. चौथ्या प्रकरणात व्यापारी बागेवर सौदा करायला येतो. तू तो सीन बांधावर पुरुषांमध्ये लिहिला आहेस आणि सुनंदा शेवटी चहा घेऊन येते, कप ठेवते, जाते. आता विचार कर, ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसायला लागल्यापासून त्या बागेत सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? विरळणीला कोण बसतं? बायका. घडातले नको ते मणी कात्रीने काढायचे, मान वर करून, दिवसभर, आणि विरळणीची टोळी आज या बागेत तर उद्या त्या बागेत. म्हणजे कुणाचा माल कसा आहे, कुणाच्या बागेत डावणी, म्हणजे द्राक्षावरचा तो रोग, आलीये, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागल्या साली कुठल्या व्यापाऱ्याने माल उचलला आणि कुणाचे पैसे बुडवले, कुणाचा चेक वटला नाही, हे सगळं त्या टोळीला ठाऊक असतं. बांधावर बसलेल्या पुरुषांना नंतर कळतं, कधी कधी फार नंतर. तुझी सुनंदा त्या बायकांच्या शेजारी बसून विरळणी करते. म्हणजे तिला माहितीये. तिला पहिल्या प्रकरणापासूनच माहितीये! हुशार ती दहाव्या प्रकरणात होत नाही, ती आधीपासून हुशार आहे, फक्त ते कुणाला सांगायचं आणि कसं सांगायचं हे तिचं बदलत जाणार आहे.

आता हाच सौदा तीन वर्षं लिही, तीन वेगवेगळ्या हंगामांत.

पहिल्या वर्षी ती रात्री नवऱ्याला वाढताना सांगते. वाढताना, कारण तेव्हाच तो एकटा सापडतो. "अहो, त्या उगावच्या मावशी म्हणत व्हत्या, ह्याचा चेक परत आला मागल्या साली." तो "बघू" म्हणतो, भाकरी मोडतो. दुसऱ्या दिवशी बांधावर तोच हे बोलतो, पण स्वतःला माहीत असल्यासारखं, आणि सासरे म्हणतात शाब्बास, आता जरा डोकं चालायला लागलं तुझं. ती चहा घेऊन आलेली असते, तिला ऐकू येतं. बास, इथे तू काही लिहू नकोस, तिला दुःख झालं, तिला वाईट वाटलं, काही नको. ती कप गोळा करते आणि जाते.

दुसऱ्या वर्षी नवरा औषध मारायला गेलाय आणि व्यापारी सासऱ्यांशीच बोलतोय. सुनेने सासऱ्यांशी थेट बोलायची त्या घरात रीत नाही. मग ती काय करते, अंगणात पोरगा खेळत असतो त्याला सांगते, मोठ्याने, "आबांना म्हणावं आधी निम्मे पैसे घ्या, मग खुडा लावा." पोरगं सांगतच नाही, सांगायची गरजच नसते, आबांनी ऐकलेलं असतं. हा प्रकार आपण सगळ्यांनी आपल्या घरांत पाहिलाय, लेकराच्या आडून बोलणाऱ्या आया आणि आज्या. आबा त्या दिवशी काहीच बोलत नाहीत, सौदा मात्र होत नाही. आणि संध्याकाळी सासू म्हणते, "लई शहाणी झाली का."

तिसऱ्या वर्षी नवरा तिथेच आहे, मोटरसायकलला टेकून उभा आहे, व्यापारी साखर बघायचं यंत्र डोळ्याला लावून सतरा म्हणतो, माल अजून तयार नाही म्हणून भाव पाडून मागतो. आणि सुनंदा सरळ त्याच्याकडे बघून म्हणते, "सावलीच्या ओळीतला मणी घेतला तुम्ही, रस्त्याच्या कडेचा बघा. आणि पैसे काट्यावर रोख." कुणाच्याही आडून नाही. सासरे उठून जातात. नवरा जमिनीकडे बघतो, आणि त्याचं जमिनीकडे बघणं हेच तुझ्या पुढच्या चार प्रकरणांचं मटेरियल आहे, कारण त्याला पटलंय आणि लाजही वाटलीये, दोन्ही एकदम. त्या रात्री तो जेवायला उशिरा येतो. सासरे दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातचा चहा घेत नाहीत, सासूला म्हणतात तू कर. पुढे कित्येक महिने. सौदा चांगला झाला, पैसे घरात आले, त्या पैशातून आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी चहा नाही.

बघ, माहिती तीच आहे. बाईही तीच आहे. बदललं काय, तर ती कुणाकडे तोंड करून बोलते ते. आणि दर वेळी तिला त्याची किंमत मोजावी लागली. तुझ्या आत्ताच्या ड्राफ्टमध्ये ग्रामसभेत ती दीड पान भाषण करते आणि लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजल्या तिथे वाचक सुटला बघ. चहा घेत नाहीत, हे लिहिलंस की तो अडकला.

किंमत हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बाई बदलते तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी बिघडतं. कुणाला गरम पोळी मिळत नाही, कुणाला डबा उशिरा मिळतो, जावेला वाटतं की मग मी इतकी वर्षं गप्प बसले ते काय वेडी म्हणून? सासूचं तर विचारूच नको. तू सासूला खलनायिका केलं आहेस, ठीक आहे, पण ती खाष्ट का आहे याचं कारण तू दिलंस ते 'स्वभाव'. नको ना गं. ती त्याच घरात सून म्हणून आली होती, तिनेही कधीतरी लेकराच्या आडून काही सांगितलं असेल आणि तिला गप्प केलं असेल. आता समोर दुसरी कुणीतरी तेच करते आणि तिला ते जमतं, हे बघवत नाही तिला. माझं तर मत आहे की तुझ्या कादंबरीतलं सगळ्यात मोठं बदलणारं पात्र सासूच होऊ शकते, सुनंदापेक्षाही. एखाद्या प्रकरणात आबांसाठी चहा करता करता ती म्हणाली, "मला नाही होत आता, तिच्याकडून घ्या," की झालं, तेवढंच.

आता तू म्हणशील, इतकं हळूहळू केलं तर वाचक कंटाळेल. त्यावर एक उदाहरण देते, ते कादंबरीतलं नाहीये, आत्मचरित्रातलं आहे, पण पात्र कसं बदलतं हे शिकायला मराठीत याच्याइतकं चांगलं काही नाही असं मी प्रत्येक कार्यशाळेत सांगते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. बाई आपल्या इथल्या, जन्म गोदाकाठच्या जलालपूरचा, 1868 चा. ज्या घरात सोवळ्याचं टोकाचं वेड, त्या घरातली मुलगी. नवरा, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, 1895 ला ख्रिस्ती झाले, न सांगता. ती कोसळली. आता आपल्यापैकी कुणी ही गोष्ट लिहिली असती तर पुढच्या प्रकरणात तिने एकतर नवऱ्याला कायमचं टाकलं असतं नाहीतर त्याचे पाय धरले असते. तिने दोन्ही केलं नाही. आधी काही वर्षं वेगळी राहिली. मग त्याच्याबरोबर राहायला लागली पण आपलं सोवळं सांभाळून, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग विचार करत करत, स्वतःशी वाद घालत घालत जातपात सुटली. आणि मग 1900 मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं! एका छताखाली राहून वेगळं पाणी भरणारी बाई, हे जे मधलं आहे ना, धड इकडे नाही धड तिकडे नाही, तिथेच सगळं आहे. आणि हे सांगताना बाई स्वतःवर हसते, तेही शिक. तुझी सुनंदा आठ प्रकरणं रडते आणि नंतर सात प्रकरणं गंभीर असते, एकदाही हसत नाही. विरळणीच्या टोळीत बसून न हसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

बदल सरळ रेषेतही नको. पुढे गेली, मागे आली, परत गेली असं पाहिजे. एका एकांकिकेच्या तालमीतली गोष्ट सांगते. सून घरच्यांना खडसावून बोलते असा सीन होता, चांगला दमदार डायलॉग. तो संपला की तिने समोरचा चहाचा ट्रे उचलून आत जायचं असं मी लिहिलं होतं. काम करणारी मुलगी थांबली, म्हणाली मॅडम, आत्ता एवढं बोलले मी आणि लगेच यांचे उष्टे कप उचलते? दिग्दर्शक म्हणाला बरोबर आहे, ट्रे काढून टाकू, ती ताठ निघून जाऊ दे. मी म्हटलं नाही, ट्रे राहू दे. जीभ आधी बदलते, हात नंतर बदलतात. ज्या हातांनी वर्षानुवर्षं कप उचललेत ते भांडणानंतरही कप उचलणारच. मग त्या मुलीने एक केलं, तिचं तिनेच शोधलं, ट्रे उचलला, दारापर्यंत गेली, तिथे तिच्या लक्षात आलं की आपल्या हातात ट्रे आहे. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तो तिथेच स्टुलावर ठेवला. प्रयोगाला प्रेक्षकांतल्या बायकांनी तिथे आवाज केला, डायलॉगला नव्हता केला.

स्ट्राँगचं तुझं काय ते. हा शब्दच जरा बाजूला ठेव. बाई बदलते म्हणजे ती चांगलीच होते, धीटच होते असं कुठे आहे? तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी आठव, 1972 चं नाटक. सुरुवातीला मुंगळ्याशी बोलणारी, देवभोळी, मार खाणारी बाई. शेवटी सखारामच्या हातून खून होतो तेव्हा तो गळून जातो आणि प्रेत पुरायचं बघते ती लक्ष्मी. ही पण वाढच आहे, भयंकर आहे पण खरी आहे, आणि मागे जाऊन बघितलं तर त्या देवभोळेपणातच तिचं बी होतं. तेव्हा सुनंदाच्या हातात पैसा आल्यावर ती विरळणीच्या बायकांची मजुरी उशिरा द्यायला लागली तर? ज्या बायकांनी तिला माहिती पुरवली त्यांचीच? लिहून बघ. वाचक तुझ्यावर चिडेल, पण सुनंदा आहे हे मान्य करेल.

आणि काही पात्रं बदलतच नाहीत, तेही ठीक असतं. नटसम्राटमधली कावेरी, आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांची, तिला पहिल्यापासून सगळं कळतं, सगळं वाटून टाकू नका हे ती सांगतेच, बदलायचंय ते तिच्या नवऱ्याला, आप्पांना. तिच्यात आर्क, म्हणजे बदलाचा प्रवास, घालायला गेलो असतो तर नाटक बिघडलं असतं. काही वेळा तर पात्र बदलत नाही, आपल्याला ते उलगडत जातं, तेंडुलकरांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे तशी आहे. पहिल्या अंकात हसणारी-खिदळणारी बाई आणि शेवटी मोडून पडलेली बाई या दोघी वेगळ्या नाहीतच, ते हसणं कशासाठी होतं हे आपल्याला उशिरा कळतं. हे दोन प्रकार, म्हणजे बदलणं आणि उलगडणं, नवीन लिहिणारे फार गल्लत करतात. तुझ्या सुनंदाचं व्यापाऱ्याबद्दलचं ज्ञान उलगडायचंय, आणि तिचं बोलणं बदलायचंय. दोन्हींची जागा वेगळी ठेव.

काळाचं भान हा पुढचा मुद्दा आणि यात तुझा ड्राफ्ट जरा कच्चा आहे. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाच परत, 1890 च्या दशकातली. तिथे यमूला नवरा वाचायला शिकवतो, तिचं जग तो असताना मोठं होतं, आणि तो गेला की सगळं बंद होतं, केशवपनापर्यंत. म्हणजे तिथे नवऱ्याचं मरण दार लावून घेतं, आणि आज आपल्या ड्राफ्टमध्ये नवऱ्याचं मरण दार उघडतं. शंभर वर्षांत हे उलटं कसं झालं हा विचार लिहिणाऱ्याने करायला पाहिजे ना? त्या यमूला त्या काळात काहीच करता येत नव्हतं, पण आपट्यांनी एक केलं, गोष्ट तिच्या तोंडून सांगितली. जिचं कुणी लक्षात घेत नाही तीच सांगते आहे. मग 1933 ला विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' येतं, टोपणनावाने, शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुली, आणि त्यांच्या पगारावर चालणारी घरं, आणि गहजब होतो. म्हणजे काय, काळ जेवढी जागा देतो त्याच्या अगदी काठावर बाईला उभी करायची. काठाच्या आत ठेवली तर गोष्ट होत नाही, फार पलीकडे नेली तर खोटी वाटते.

तुझा काळ 1998 नंतरचा, जागा निफाड. मग काठ कुठे आहे? तिची सासू 1986 ला चांदवडच्या, शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला गेलेली असू शकते, ट्रॅक्टर भरभरून बायका गेल्या होत्या आपल्या जिल्ह्यातून. हे तुझ्या कादंबरीत कुठेच नाही! सासू तिथे जाऊन आली, घोषणा दिल्या, आणि परत येऊन चुलीला लागली. काय पात्र आहे ते, आणि तू तिला नुसती खाष्ट ठेवलीस. दुसरं, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क महाराष्ट्रात 1994 ला आला, देशभर 2005 ला. कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते तुला माहितीये, वडील गेले की भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणींना तालुक्याला नेतो, हक्कसोड पत्रावर सह्या, मग हॉटेलात जेवण, साडी, आणि घरी सोडतो. सुनंदालाही भाऊ असेल की. तिच्या माहेरी जमीन असेल. सासरी बांधावर रोखीने सौदा करणारी सुनंदा माहेरी हक्कसोडवर सही करते का? माझं मन म्हणतं करते, आणि हसत करते, कारण माहेरचं दार तिला बंद करायचं नाहीये. किंवा पेन हातात घेते आणि भावाला म्हणते, "वाचून सांग आधी काय लिहिलंय ते." तिला वाचता येतं, भावालाही माहितीये की तिला वाचता येतं. नुसतं एवढंच. हा एक सीन तुझ्या ग्रामसभेच्या भाषणापेक्षा जास्त काम करेल, आणि त्यात खलनायक कुणीच नाही, भाऊसुद्धा चांगलाच आहे, दर दिवाळीला येणारा.

आता एक अगदी कामाची गोष्ट, पेन घेऊन करायची. तुझ्या कुठल्याही पानावर सुनंदाची वाक्यं अधोरेखित कर. मी तिसऱ्या प्रकरणातली केली. तिला वाटलं. तिला रडू आलं. तिच्या मनात आलं. तिच्या लक्षात आलं. तिला सहन होईना. सगळीकडे 'तिला', 'तिच्या'. सगळं तिच्यापाशी येतंय, ती कुठे जात नाही. आणि त्याच पानावर नवरा, तो उठला, त्याने गाडी काढली, तो म्हणाला, त्याने ठरवलं. मराठीत हे फार सहज होतं, आपली भाषाच तशी सोय करून देते, म्हणून लक्षात येत नाही. सगळे 'तिला' काढू नकोस, तसं केलंस तर रोबोट होईल. सुरुवातीला असू देत, पण प्रकरणं पुढे जातील तसं 'तिला वाटलं'ची जागा 'ती म्हणाली', 'तिने उचललं', 'तिने नाही उचललं' यांनी घेऊ दे. वाचकाला कळणारही नाही काय झालं, पण बाई सरकलेली असेल.

तसंच हाक मारण्याचं. ती नवऱ्याला पूर्ण कादंबरीभर 'अहो' म्हणते, बरोबर आहे, म्हणणारच. पण मोबाईल आल्यावर? 2008-09 कडे घरात मोबाईल आला की त्याचं नाव ती कशी सेव्ह करते? किंवा पोराने तिच्यासाठी 'पप्पा' म्हणून सेव्ह करून दिलंय आणि ती ते तसंच ठेवते? छोटी गोष्ट आहे, पण नातं तिथे दिसतं. आणि निवेदनात तू तिला पहिली चार-पाच प्रकरणं 'थोरली सून' म्हणतेस, मधेच सुनंदा म्हणतेस, याला काही हिशोब नाही. हिशोब ठेव. नाव कधीपासून घ्यायचं ते ठरवून घे.

बाकी तुझे बारीक प्रश्न. प्रथमपुरुषी लिहू का? नको, सध्या तरी नको, कारण तू तिच्या तोंडून तुझे विचार बोलायला लागशील, तुझ्या ग्रामसभेच्या भाषणात ते झालंच आहे, ती निफाडची बाई न वाटता वक्तृत्व स्पर्धेतली वाटते. तृतीयपुरुषीच ठेव पण कॅमेरा तिच्या खांद्याजवळ. फ्लॅशबॅक? लहानपणी वडिलांनी मारलं म्हणून ती घाबरट, हा फ्लॅशबॅक काढून टाक, प्रत्येक बाईच्या स्वभावाला एक जुनी जखम कशाला पाहिजे, काही माणसं जरा दबूनच असतात. एक्स्पोर्टचा शेवट? ठेवायचा असेल तर ठेव, आपल्याकडे खरंच होतं ते, पण कंटेनर निघाल्याचा आनंदसोहळा नको. आणि तू विचारलंस, "मी नाशिकच्या सिडकोत वाढलेली, बागेत कधी राबले नाही, मला हे लिहिता येईल का?" येईल, पण थंडीत एक आठवडा विरळणीच्या टोळीबरोबर जाऊन बस, ओळखीतून कुणाची तरी बाग मिळतेच नाशिकात. वही काढू नकोस, कात्री घे हातात. पहिल्या दिवशी मान दुखेल आणि तुझ्याशी कुणी बोलणार नाही, तिसऱ्या दिवसापासून त्या तुला व्यापाऱ्यांची नावं सांगायला लागतील, ती मात्र कादंबरीत खरी घालू नकोस.

वर सांगितलेली पुस्तकं सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, मिळायला हरकत नाही, 'स्मृतिचित्रे' आधी घे. आणि नवव्या प्रकरणातला अपघात काढल्यावर तुझी पुढची सगळी प्रकरणं हलतील, घाबरू नकोस, सगळं एकदम लिहायला बसू नकोस. आधी फक्त तिसऱ्या वर्षीच्या सौद्यानंतरची रात्र लिही, नवरा उशिरा घरी येतो ती. दोघं काय बोलतात, का बोलतच नाहीत, ताट कोण वाढतं. ती तेवढी चार पानं मला पाठव, मग बघू.